मोर नको ताई, खणाची बुट्टी घ्या

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मी कराडची, वय ६१. लग्नाआधीपासून स्वेटर विणते. मुलगी गेल्या वर्षी एडिनबराला शिकायला गेली. तिच्यासाठी पुढून उघडं असलेलं, बटणांचं लोकरीचं जॅकेट विणायचं मनात आहे. माझी आई जत तालुक्यातली. इरकल आणि खणाची चोळी हाच तिचा कायमचा वेश. तिच्या दोन चोळ्या माझ्याकडे आहेत. ती नक्षी लेकीच्या अंगावर बघावी, एवढीच इच्छा. ग्राफ पेपरवर सहा रंगांचं डिझाईन काढलं: पाठीवर पैठणीचा मोठा मोर, खाली इरकलीचा पदर, बाह्यांवर बुट्ट्या. पाठ निम्मी झाली आहे, पण विणकाम आक्रसतंय, मोर बसका दिसतोय आणि मागे धाग्यांचं जाळं झालंय. जाऊबाई म्हणतात, माणदेशातली घोंगडीची लोकर घे. बहीण म्हणते, आईची चोळीच कापून तयार जॅकेटला लाव. लेक म्हणते, 'आई, घालता येईल असं कर.' दिवाळीपर्यंत पाठवायचं आहे. काय करू?

कराडच्या ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या लेकीचं आहे. तिने नको म्हटलेलं नाही. तिला ते घालायचं आहे, कपाटात जपून ठेवायचं नाही. म्हणून खाली जे लिहिते आहे ते सगळं या एका गोष्टीकडे बघून लिहिते आहे.

आधी विणलेली पाठ उसवा. जिवावर येईल, पण लोकर वाया जात नाही. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. वळ्या बऱ्याचशा निघून जातात.

तुमच्या हातात काही खोट आहे म्हणून मोर बिघडला असं नाही. पैठणीत मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. तो रंग जिथे हवा तिथपर्यंतच जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून पैठणी उलट्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. तुम्ही विणताय त्या पद्धतीत दोन्ही धागे ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर चालतात आणि ज्याची पाळी नाही तो मागून जातो. मोराच्या पिसाऱ्यात एकच रंग वीस-वीस टाके चालला की बाकीचे धागे तेवढं अंतर मागून लोंबत जातात. ते लोंबू नयेत म्हणून आपण नकळत ओढून घेतो, आणि तिथेच विणकाम आक्रसतं. सहा रंग म्हणजे हे सगळं अनेक पटींनी. मोर विणायचाच तर प्रत्येक रंगाचा वेगळा छोटा गुंडा लावून, पुढे-मागे फिरत विणावा लागेल. ते जमतं, पण तो वेगळा उद्योग आहे, आणि पाठभर मोर असलेलं जॅकेट तिकडच्या पावसापाण्यात रोज घालावंसं वाटेल का, हे लेकीलाच विचारा.

आता आईची चोळी काढा आणि उलटी करून बघा. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या खणाची नक्षी जादा ताण्याच्या, म्हणजे उभ्या, धाग्याने उठवलेली असते. बुट्टीपुरता तो धागा वर येतो, बाकी वेळ मागे असतो. बुट्ट्या बारीक आणि जवळजवळ, म्हणून त्याला मागे फार लांब जावं लागत नाही. लोकरीच्या दोन रंगांच्या विणीलाही नेमकं हेच मानवतं. म्हणजे तुम्हाला हवी असलेली नक्षी आईच्या अंगावरच होती. पैठणीच्या वाटेला जायची गरजच नव्हती.

तुमची लेक आहे त्याच स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडची बेटं आहेत. त्यातल्या फेअर आयल या छोट्याशा बेटाच्या नावाने जी रंगीत वीण जगभर ओळखली जाते, तिचा मुख्य नियम हाच: पूर्ण कपड्यात रंग कितीही असोत, एका ओळीत फक्त दोन. नॉर्वेत सेतेसदाल खोऱ्यातल्या जुन्या जॅकेटांवर काळ्या जमिनीवर पांढरे एकेक टाके पेरलेले असतात. आपल्या खणाची बुट्टी त्यांच्या शेजारी अगदी शोभून दिसेल. मागून जाणाऱ्या धाग्यांचा तिथल्या वाऱ्यात फायदाच होतो, कारण कापड जवळजवळ दुपदरी होतं आणि ऊब धरतं. आपल्याकडच्या हिमरू शालीच्या उलट्या बाजूलाही असेच मोकळे धागे असतात.

तर बुट्टी अशी घ्या. दर ६ टाक्यांनी नक्षी परत येईल. पहिल्या ओळीत १ टाका बुट्टीच्या रंगाचा, ५ जमिनीचे, म्हणजे मूळ रंगाचे. दुसऱ्या ओळीत ३ बुट्टीचे, ३ जमिनीचे, म्हणजे आधीचा एक टाका या तिघांच्या बरोबर मध्ये येईल. तिसरी ओळ पहिलीसारखी. मग ३ ओळी नुसत्या जमिनीच्या रंगात, आणि पुढची रांग ३ टाके सरकवून, म्हणजे वरची बुट्टी खालच्या दोन बुट्ट्यांच्या मधोमध बसेल. धागा मागून जास्तीत जास्त ५ टाके जातो, त्यामुळे मध्ये कुठे अडकवावा लागत नाही. नुसत्या रंगाच्या ओळी तीनपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर तेवढाच पट्टा सैल पडून फुगतो.

खालच्या काठाला आणि मनगटाला इरकलीचा पदर घ्या. लाल जमिनीवरचे पांढरे दातेरी सुळके याच ६ टाक्यांत बसतात: एका ओळीत ५ पांढरे १ लाल, पुढच्या ओळीत ३ पांढरे ३ लाल, मग १ पांढरा ५ लाल. सुळका उंच हवा असेल तर प्रत्येक ओळ दोनदा विणा. तुमच्या माहेरच्या बाजूला कशिदा भरत असतील. त्यातला एखादा नमुना घ्यावासा वाटला, तर नेगी टाक्यातला घ्या, तो विणल्यासारखाच दिसतो. गवंती टाक्याच्या एकेरी रेघांची नक्षी कापडावर सुरेख दिसते, पण लोकरीत ती तुटक येते.

मोर बसका का दिसला? ग्राफ पेपरचा चौकोन चारी बाजूंनी सारखा असतो, लोकरीचा टाका तसा नसतो. तो उंचीपेक्षा रुंद असतो. समजा, तुमच्या विणीत एका इंचात आडवे ६ टाके आणि उभ्या ७ ओळी बसतात. कागदावर २४ बाय २४ घरांचा चौरस काढला, तर विणल्यावर तो ४ इंच रुंद आणि जेमतेम साडेतीन इंच उंच होईल. बुट्टीला यामुळे काही होत नाही, पण मोराची मान आखूड होते. पुढे कधी मोठी नक्षी काढाल, तेव्हा आधी मापाचा तुकडा विणा आणि मग कागदावरची घरं त्याच प्रमाणात आखून घ्या.

मापाच्या तुकड्याविषयी जरा आग्रहाने सांगते. एवढी वर्षं विणणाऱ्या बायका तो टाळतात, कारण हाताला अंदाज असतो. पण दोन रंगांची वीण एकरंगी विणीपेक्षा घट्ट येते, आणि तुमच्या हाताचा सगळा अंदाज एकरंगी स्वेटरवर बसलेला आहे. १० नंबरच्या, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर सुरुवात करा. निदान ६ इंचांचा तुकडा विणा, धुवा, वाळवा आणि मग मोजा. घट्ट वाटला तर ९ नंबर घ्या. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यायची सवय लावा. मागचा धागा आपोआप पुरेसा लांब राहतो आणि ओढ बसत नाही. आणखी एक गोष्ट: दोन धाग्यांपैकी जो मागे खालून जातो, त्याचे टाके समोरून जरा ठळक दिसतात. बुट्टीचा धागा कायम खालून न्या. मध्येच अदलाबदल झाली, तर तेवढ्याच बुट्ट्या फिक्या पडतात आणि कारण शोधून सापडत नाही.

आता रंग. सहाचे चार करा: जमीन, बुट्टी, लाल, पांढरा. खणाची झळाळी रेशमाची असते, त्यावर उजेड पडला की हिरव्यातला लालही चमकून जातो. लोकर उजेड पिऊन टाकते. चोळीवर गर्द हिरव्यात तपकिरी लाल बुट्टी उठून दिसते म्हणून तेच दोन रंग लोकरीत घ्याल, तर हातभर अंतरावरून दोन्ही एकच काळपट रंग वाटतील. दुकानातच दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले, तर जोडी सोडा. गर्द हिरव्या जमिनीवर हळदी बुट्टी चालेल, वांग्याच्या रंगावर फिकी गुलाबीही खुलेल. पण निवड लेकीची. तिला चार जोड्यांचे फोटो पाठवा आणि ती म्हणेल ते घ्या, तुम्हाला आवडलेली जोडी मागे पडली तरी.

लाल धाग्याची परीक्षा घेतल्याशिवाय तो पांढऱ्याशेजारी लावू नका. वीतभर धागा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा. फडक्याला गुलाबी डाग पडला, तर तो लाल या जॅकेटसाठी बाद.

दुकानात लोकर म्हणून जे मिळतं त्यात बरंच अॅक्रिलिक असतं. नातवंडांच्या रोजच्या स्वेटरला ते चांगलं, इथे नको. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. उसवलेल्या पाठीचीही ही परीक्षा घ्या. दोन धाग्यांच्या विणीला लोकर जास्त लागते, म्हणून एकरंगी स्वेटरच्या दीडपट धरा. जमिनीच्या रंगाचे सगळे गुंडे एकाच वेळी, लेबलवरचा लॉट नंबर जुळवून घ्या.

जाऊबाईंच्या सांगण्यामागची ओढ मला कळते. माण-खटाव, आटपाडी, जत हा सगळा मेंढरांचा मुलूख, आणि दख्खनी मेंढीची काळी लोकर आपल्या मातीतली आहे. पण ती जाड आणि राठ. घोंगडी टिकते ती घट्ट विणीमुळे आणि चिंचोक्याच्या खळीमुळे. तीच लोकर सुईवर सैल विणली तर केस गळतात, मानेला आणि मनगटाला टोचतं. लेक ते जॅकेट दोनदा घालेल आणि ठेवून देईल. त्या लोकरीची कदर करायची तर विणकराकडून एक चांगली घोंगडी विकत घ्या, त्याच्या पदरात चार पैसे पडतील. जॅकेटची लोकर मऊ, पण यंत्रात धुता येण्यासाठी प्रक्रिया न केलेली घ्या. ती किंचित खरबरीत असली तर उत्तमच. कारण आता कापायची गोष्ट येते आहे.

तुम्ही दोन सरळ सुयांवर पुढचे दोन भाग आणि पाठ वेगवेगळे विणत असाल. दोन रंगांत उलट बाजूची ओळ विणताना हात बदलतो, आणि बुट्ट्या एका ओळीत घट्ट, एका ओळीत सैल पडतात. त्यापेक्षा लांब गोल सुई (लवचिक तारेने जोडलेल्या दोन सुया) घ्या आणि सगळा घेर एकत्र, बंद नळीसारखा, कायम सुलट बाजू समोर ठेवून विणा. पुढे जिथे जॅकेट उघडायचं, तिथे ७ टाके जादा घाला. त्यांत रंग एकाआड एक विणत जा. धागे तोडायचे-जोडायचे ते सगळे याच पट्टीत, म्हणजे नंतर टोकं लपवत बसायला नको. मुंढ्यांपाशीही तेवढेच जादा टाके घालून सरळ खांद्यापर्यंत जा. मग जादा पट्टीच्या दोन्ही बाजूंना शिलाई मशीनवर बारीक टाक्याच्या दोन-दोन शिवणी मारा आणि मधून कात्री चालवा.

हे वाचून पोटात गोळा येईल. पण टाके निसटतात ते वर-खाली, आडवे नाही, आणि खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून असतात. शेटलंड आणि नॉर्वेत पिढ्यान्‌पिढ्या अशीच जॅकेटं कापली गेली आहेत. यंत्रात धुवायची गुळगुळीत लोकर किंवा अॅक्रिलिक मात्र कापू नका, ते खरोखर निसटतं. आधी मापाचा तुकडा कापून बघा. शिवण मारा, मधून कापा, आणि कापलेली कड दोन्ही हातांनी जोरात ओढा. ती धरून राहिलेली एकदा डोळ्यांनी पाहिली की जॅकेट कापताना हात थरथरणार नाही.

कापलेल्या कडा आतून झाकायला कापडी पट्टी लागते, आणि तुमच्या बहिणीच्या सूचनेतलं चांगलं ते इथे कामी येईल. आईची चोळी मात्र कापू नका. जुना खण घड्यांवर विरतो, आणि जॅकेटचा ताण त्याला सोसणार नाही. नवा खण घ्या. साताऱ्यात खणआळीत चक्कर मारलीत तर आईच्या चोळीच्या जवळचा रंग मिळू शकेल, चोळी सोबत घेऊन जा. पट्टी आधी भिजवून आटवून घ्या, रंग जातो का बघा. जॅकेट धुऊन वाळल्यावर जी लांबी येईल, नेमकी तेवढीच पट्टी कापून हाताने बारीक तुरपाई करा. या पट्टीमुळे पुढची कड ओघळत नाही, बटणांच्या वजनानेही नाही. आणि लेकीने जॅकेट उघडलं की आजीच्या चोळीसारखा खण तिच्या हाताला लागेल.

आईच्या चोळ्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा, घड्या अधूनमधून बदला. दोन आहेत. एक कधीतरी लेकीला द्या, अखंड.

मापं फोनवर छाती-कंबर विचारून घेऊ नका. तिच्या अंगाला नीट बसणारं एखादं जॅकेट तिला जमिनीवर पसरायला सांगा आणि काखेखालची रुंदी, खांद्यापासूनची लांबी, बाहीची लांबी मोजून घ्या. आत एखादा टी-शर्ट आणि पातळ स्वेटर मावला पाहिजे. समजा घेर ४० इंच निघाला, तर इंचाला ६ प्रमाणे २४० टाके होतात, म्हणजे ६ टाक्यांच्या बरोबर ४० बुट्ट्या. कमी-जास्त लागलं तर ६ च्या पटीतच करा. बाह्या खांद्याकडून टाके उचलून मनगटाकडे विणा. लांबी शेवटी ठरवता येते, आणि वर्षा-दोन वर्षांनी कोपर किंवा कड विरली तर खालून उसवून परत विणता येते. बाहीवरही हीच बुट्टी घ्या. ती एकरंगी केलीत तर अंगाचं कापड जाड आणि बाहीचं पातळ, असं होईल.

दिवाळीचं म्हणाल, तर दिवाळीला पार्सल पाठवाच, पण चकलीचं, चिवड्याचं. २२ इंच लांबी धरली तर इंचाला ७ प्रमाणे १५४ ओळी, गुणिले २४० टाके, म्हणजे नुसत्या अंगाचे सुमारे ३७ हजार टाके झाले. मिनिटाला २० टाके धरले तरी तीस तास. बाह्या, पट्ट्या, शिवण, धुणं वेगळं. रोज तास-दीड तास बसलात तर दोन-अडीच महिने सहज लागतील. घाईत विणलं की मागचा धागा पहिला ओढला जातो. तिकडची थंडी मार्च-एप्रिलपर्यंत असते आणि पुढच्या वर्षी परत येते. तारीख मनातून काढून टाका.

मापाचा तुकडा धुऊन झाला की मला परत लिहा. इंचाला टाके किती आणि ओळी किती, दोन्ही आकडे कळवा, लेकीच्या जॅकेटची मापंही सोबत द्या. मुंढ्याची खोली आणि बाहीचे टाके किती उचलायचे, ते तेवढ्यावरून काढून देते.